जनतेला पुन्हा विचारायचे की नाही?

‘लोकांनी एकदा कौल दिला, आता चर्चा बंद.’ २०१६ नंतरची चार वर्षे ब्रिटनमध्ये हे वाक्य रोज ऐकवले जात होते. समोरची बाजू तितक्याच आत्मविश्वासाने म्हणत होती, ‘लोक फसले. त्यांना पुन्हा विचारा, ते शहाणे होतील.’ या दोन्ही वाक्यांत मतदाराचा अपमान आहे. पहिले वाक्य त्याचा मत बदलण्याचा हक्क नाकारते. दुसरे वाक्य त्याने दिलेले मत हे मतच नव्हे, असे सुचवते. ब्रिटनमध्ये दुसरे सार्वमत झालेच नाही. पण ‘पुन्हा विचारले तर लोक मत बदलतात का’ हा प्रश्न जगात अनेकदा प्रत्यक्ष तपासला गेला आहे. त्याची उत्तरे या दोन्ही बाजूंना सोयीची नाहीत.

आधी ब्रिटनचे आकडे पाहू. २३ जून २०१६ रोजी युरोपीय संघातून बाहेर पडावे असे १ कोटी ७४ लाख मतदारांनी सांगितले, राहावे असे १ कोटी ६१ लाखांनी. टक्केवारी ५१.९ विरुद्ध ४८.१. स्कॉटलंडने ६२ टक्के मतांनी राहण्याचा कौल दिला, उत्तर आयर्लंडनेही राहण्याच्याच बाजूने मत दिले. मतदानापूर्वी बाहेर पडण्याच्या बाजूचे नेते नायजेल फराज यांनीच बजावले होते की ५२ विरुद्ध ४८ असा निकाल लागला तर प्रकरण मिटले असे मानता येणार नाही. अर्थात तेव्हा आपणच ४८ वर राहू, असा त्यांचा अंदाज होता. निकाल उलटा लागला आणि तोच ५२ चा आकडा ‘जनतेची अंतिम इच्छा’ ठरला. कौल आपल्या बाजूने असला की अंतिम आणि विरुद्ध असला की तात्पुरता, ही सवय कोणत्याही एका देशाची किंवा पक्षाची मक्तेदारी नाही.

आता मूळ प्रश्न. पुन्हा विचारले की लोक खरोखर मत बदलतात का?

आयर्लंडचा अनुभव पाहा. जून २००१ मध्ये तिथे युरोपीय संघाच्या नीस करारावर सार्वमत झाले आणि करार फेटाळला गेला. ऑक्टोबर २००२ मध्ये पुन्हा मतदान झाले आणि तोच करार जवळजवळ ६३ टक्के मतांनी मंजूर झाला. वरवर पाहणारा म्हणेल, सोळा महिन्यांत आयरिश जनता पलटली. पण मतांची संख्या पाहा. पहिल्या वेळी ‘नाही’ म्हणणारे होते ५ लाख २९ हजार. दुसऱ्या वेळी ५ लाख ३५ हजार. म्हणजे नकाराची मते कमी झालीच नाहीत, उलट थोडी वाढली! होकाराची मते मात्र ४ लाख ५३ हजारांवरून ९ लाख ६ हजारांवर गेली. पहिल्या वेळी जेमतेम ३५ टक्के मतदान झाले होते, दुसऱ्या वेळी ते ४९ टक्क्यांच्या पुढे गेले. घरी बसलेले लोक दुसऱ्या वेळी बाहेर पडले आणि निकाल फिरला. ज्यांनी आधी मत दिले होते त्यांच्यातले बहुतेक आपापल्या जागी ठाम असावेत, असेच हे आकडे सांगतात.

कौल बदलणे आणि माणसांचे मत बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे लक्षात घ्यायला हवे.

माणसे मत बदलत नाहीत असे मात्र नाही. त्याच आयर्लंडमध्ये २००८ साली लिस्बन करार ५३ टक्के मतांनी फेटाळला गेला आणि २००९ साली ६७ टक्के मतांनी स्वीकारला गेला. या वेळी नकाराची मते ८ लाख ६२ हजारांवरून ५ लाख ९५ हजारांवर घसरली. इथे मत बदलले, आणि त्याला कारणे होती. मधल्या काळात आर्थिक संकट कोसळले होते. शिवाय आयर्लंडची तटस्थता, करधोरण आणि गर्भपातविषयक कायदा यांत संघ ढवळाढवळ करणार नाही, अशी लेखी हमी सरकारने मिळवली होती. डेन्मार्कमध्येही असेच घडले. जून १९९२ मध्ये मास्ट्रिख्ट करार ५०.७ टक्के मतांनी नाकारला गेला. सरकारने परत जाऊन समान चलन, संरक्षण, न्यायव्यवस्था आणि संघाचे नागरिकत्व या चार बाबींत सूट मिळवली आणि मे १९९३ मध्ये लोकांपुढे नवा मजकूर ठेवला. तो ५६.७ टक्के मतांनी मंजूर झाला. मतदाराने ‘नाही’ म्हणून आपल्या सरकारला वाटाघाटीला परत पाठवले आणि काही पदरात पडल्यावर ‘हो’ म्हटले. याला कोणी चंचलपणा म्हणेल का? भाव न पटल्यास उठून जाणारे आणि भाव उतरल्यास परत येणारे गिऱ्हाईक मूर्ख नसते.

तिसरी गोष्ट म्हणजे काळ. १९८६ साली आयर्लंडने घटस्फोटाचा हक्क ६३.५ टक्के मतांनी नाकारला. तेव्हा चर्चच्या शिकवणुकीइतकीच एक व्यावहारिक भीती मोठी होती: नवरा सोडून गेला तर बाईच्या पोटगीचे, घराचे आणि जमिनीतल्या वाट्याचे काय? आपल्याकडे तलाकपीडित स्त्रियांचे प्रश्न ज्यांनी जवळून पाहिले आहेत, त्यांना ही भीती समजावून सांगायची गरज नाही. पुढच्या वर्षांत विभक्त होणाऱ्या जोडप्यांच्या पोटगी आणि मालमत्तेविषयी कायदे झाले. १९९५ साली पुन्हा विचारले गेले आणि सोळा लाखांहून अधिक मतांमध्ये अवघ्या ९,११४ मतांनी घटस्फोटाचा हक्क मिळाला. २०१९ साली त्याच्या अटी शिथिल करण्याचा प्रश्न आला, तेव्हा ८२ टक्के लोक बाजूने होते. स्वित्झर्लंडमधले उदाहरण तर अधिक बोलके आहे. १९५९ साली स्त्रियांना मताधिकार द्यावा का, असे तिथल्या पुरुषांना विचारले गेले. दोन तृतीयांश पुरुष ‘नाही’ म्हणाले. १९७१ साली पुन्हा पुरुषांनाच विचारले गेले आणि जवळजवळ ६६ टक्के ‘हो’ म्हणाले. १९५९ चा कौल ‘अंतिम’ मानला असता तर?

पण काळ गेला की कौल फिरतोच, असाही नियम नाही. नॉर्वेने १९७२ साली युरोपीय समुदायात जायला ५३.५ टक्के मतांनी नकार दिला. बावीस वर्षांनी, १९९४ साली, पुन्हा विचारले. उत्तर पुन्हा ‘नाही’, ५२.२ टक्के. जवळजवळ एक पिढी बदलली, तरी देश जागचा हलला नाही. ‘पुन्हा विचारा, ते शहाणे होतील’ म्हणणाऱ्यांनी नॉर्वे विसरू नये.

या सगळ्याच्या उजेडात ब्रिटनकडे पाहू. २०१८-१९ च्या जनमत चाचण्यांमध्ये ‘राहावे’ ही बाजू थोडी पुढे दिसत होती. पण ज्यांनी २०१६ मध्ये मत दिले होते, त्यांच्यातले बहुसंख्य लोक दोन्हीकडे आपल्या मतावर कायम होते. आघाडी मुख्यतः २०१६ मध्ये मत न दिलेल्यांची आणि नव्याने अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांची होती. म्हणजे दुसरे सार्वमत जिंकायचे तर ते पश्चात्तापाच्या लाटेवर जिंकता आले नसते. मतपेटीपर्यंत कोण पोहोचतो, यावर ते ठरले असते. आणि कोण पोहोचू शकतो हे आधी कायदा ठरवतो. २०१६ मध्ये मुंबईहून लंडनला कामासाठी गेलेला भारतीय पासपोर्टधारक राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून मतदार होऊ शकत होता. तीस वर्षे तिथे संसार केलेली फ्रेंच बाई होऊ शकत नव्हती. २०१४ च्या स्कॉटलंडच्या सार्वमतात सोळा वर्षांच्या मुलांना मत होते, २०१६ मध्ये नव्हते. ‘जनतेची इच्छा’ असे आपण म्हणतो, तेव्हा जनता कोण हे कोणीतरी आधीच ठरवलेले असते.

दुसऱ्या सार्वमताचा प्रस्ताव ब्रिटिश संसदेत १ एप्रिल २०१९ रोजी २८० विरुद्ध २९२ असा, केवळ बारा मतांनी पडला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निवडणूक झाली, बोरिस जॉन्सन यांच्या पक्षाने ३६५ जागा जिंकल्या आणि ‘हेच दुसरे सार्वमत’ असे जाहीर झाले. पण त्या पक्षाला मते मिळाली होती ४३.६ टक्के. पुन्हा सार्वमत घ्यावे किंवा संघात राहावे असे म्हणणाऱ्या पक्षांची मते एकत्र केली तर ती निम्म्याहून किंचित जास्त भरतात. निवडणुकीला सार्वमत समजण्याची चूक किती मोठी असते, हे मराठी वाचकाला गोव्याच्या इतिहासावरून चटकन कळेल. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात ‘फूल’ की ‘दोन पाने’ असे मतदान झाले. महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने १,३८,१७० मते पडली आणि वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१. विलीनीकरण हरले. आणि दोनच महिन्यांनी झालेल्या विधानसभा निवडणुकीत विलीनीकरणाचा पुरस्कार करणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षच पुन्हा सत्तेवर आला! गोवेकरांनी दोन महिन्यांत विचार बदलला नव्हता. त्यांना दोन वेगळे प्रश्न विचारले गेले होते आणि त्यांनी दोन वेगळी उत्तरे दिली होती. राज्य बांदोडकरांनी चालवावे, पण गोवा वेगळा राहावा, असे म्हणण्याइतका तो मतदार सुजाण होता.

आता एका रास्त आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे. सत्ताधाऱ्यांना हवे ते उत्तर मिळेपर्यंत विचारत राहायचे आणि मिळाले की थांबायचे, ही लोकशाही कसली? आक्षेपात तथ्य आहे. आयर्लंडमध्ये नीस आणि लिस्बनला ‘नाही’ म्हटले म्हणून पुन्हा विचारले गेले. पहिल्यांदाच ‘हो’ आले असते तर कोणी पुन्हा विचारले नसते. म्हणून पुन्हा विचारण्याचा अधिकार नेत्यांच्या मर्जीवर सोडता कामा नये. त्याला आधीच लिहून ठेवलेले नियम हवेत. माझ्या मते तीन परिस्थितींत पुन्हा विचारणे न्याय्य ठरते.

एक, मजकूर बदलला असेल तर. ब्रिटनमध्ये २०१६ साली ‘बाहेर पडायचे का’ एवढेच विचारले होते. कोणत्या अटींवर, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. करार हातात आल्यावर तो लोकांपुढे ठेवणे हा पहिल्या कौलाचा अनादर नव्हता, त्याची पूर्तता होती. दोन, लोकांना दिलेली माहिती खोटी निघाली असेल तर. स्वित्झर्लंडमध्ये २०१६ साली विवाहित जोडप्यांच्या करावर मतदान झाले. सरकारने सांगितले होते की जाच सुमारे ८० हजार जोडप्यांना होतो. खरा आकडा साडेचार लाखांच्या घरात निघाला. २०१९ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते मतदानच रद्द केले. ब्रिटनमध्ये लाल बसवर आठवड्याला ३५ कोटी पौंडांचा आकडा रंगवून देशभर फिरवला गेला. सरकारी सांख्यिकी प्राधिकरणाने तो दिशाभूल करणारा असल्याचे सांगितले, तरी बस धावतच राहिली. तीन, पुरेसा काळ लोटून नवे मतदार आले असतील तर. मात्र या तिघांपैकी काहीच घडलेले नसताना तोच प्रश्न वर्षभरात पुन्हा मांडणे म्हणजे शिळ्या कढीला ऊत आणणे.

आणि एक गोष्ट या नियमांच्याही आधी येते. काही प्रश्न मुळातच मोजणीला घालायचे नसतात. नोव्हेंबर २००९ मध्ये स्वित्झर्लंडने ५७.५ टक्के मतांनी नव्या मिनारांवर बंदी घातली. तेव्हा त्या संपूर्ण देशात मिनार होते चार. उद्या पुन्हा मतदान झाले आणि ५१ टक्के लोकांनी बंदी उठवली, तर आनंद वाटेल. पण ज्या हक्काची मुदत पुढच्या मोजणीपर्यंतच असते, तो हक्क कसला? हे केवळ मुसलमानांपुरते नाही. स्विस स्त्रीचे मत १९५९ साली पुरुषांच्या हातात होते, आयरिश स्त्रीचा घटस्फोट शेजाऱ्यांच्या. बारा वर्षांनी, नऊ वर्षांनी बहुमताला सुबुद्धी झाली हे चांगलेच झाले. पण मधल्या वर्षांत ज्या बाया झिजल्या, त्यांना ती वर्षे कोणी परत दिली नाहीत.

आपल्या राज्यघटनेत देशव्यापी सार्वमताची तरतूद नाही. तरीही ‘बहुसंख्यांना काय हवे ते एकदाचे विचारून टाका’ ही भाषा आपल्याकडे अधूनमधून ऐकू येते. ती ऐकू आली की तीन प्रश्न विचारावेत: विचारणार कोणाला? मजकूर कोणता? आणि उत्तर चुकले असे वाटले तर पुन्हा विचारण्याचा मार्ग कोणता? या तिघांची लेखी उत्तरे मिळाल्याशिवाय मतपेटी मागवू नये. आणि कोणाच्या मूलभूत हक्काचा प्रश्न असेल, तर ती मुळीच मागवू नये.