भाराखाली बंद पडणारा संगणक

गेल्या महिन्यात या सदराकडे अंथुर्ण्याहून एक पत्र आले. पत्रलेखक दुकानदार आहेत; पुढे दुकान आणि मागे राहते घर. त्यांच्या महाविद्यालयीन मुलाने पुण्याहून सुटे भाग आणून घरीच संगणक जुळवला. दिवसा त्यावर दुकानाची टॅली चालते, रात्री मुलगा खेळ खेळतो. टॅली दिवसभर निमूट चालते. मात्र खेळ रंगात आला की संगणक एकाएकी बंद पडतो. वडील म्हणतात, खेळामुळे यंत्र नासले. मुलगा म्हणतो, ग्राफिक्स कार्ड सदोष निघाले, नवे घ्यावे. कार्डाची किंमत तीस हजारांच्या पुढे. त्यातच एका रात्री संगणक बंद पडला तेव्हा टॅलीही उघडी राहिलेली होती, आणि दुसऱ्या दिवशी दुकानाचा डेटा उघडेना. चार दिवसांपूर्वीचा बॅकअप होता म्हणून निभावले, पण मधली सारी बिले पुन्हा भरावी लागली. पत्राच्या शेवटी ते विचारतात, ‘कार्ड घ्यावे, की हा नादच बंद करावा?’

दोन्ही नको, असे माझे मत आहे. निदान इतक्यात तरी नको.

रोजमेळ आणि गल्ल्यातील शिल्लक जुळत नसेल, तर जाणता मुनीम वही फाडून नवी लिहायला बसत नाही. तो आधी फरक किती आहे ते पाहतो. फरकाला 9 ने पूर्ण भाग गेला, तर कुठेतरी 540 चे 450 झाले असावेत, असा त्याला संशय येतो. फरकाच्या बरोबर निम्म्या रकमेची नोंद सापडली, तर ती जमेऐवजी नावे पडली आहे का, हे तो पाहतो. फरकाचे रूपच चुकीची जात सांगते. संगणकाचेही असेच आहे. ‘बंद पडतो’ या दोन शब्दांत चार वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. खेळ तेवढा मिटतो आणि बाकी सारे चालू राहते, ती एक. पडदा निळा होऊन त्यावर मजकूर येतो, ती दुसरी. चित्र गोठते, ती तिसरी. आणि दिवा फुंकावा तसा सारा संगणक क्षणात विझतो, ती चौथी. पहिल्या तिन्हींत यंत्राला अनेकदा काही नोंद करण्याइतका अवधी मिळतो. चौथ्यात तोही मिळत नाही. म्हणून संशय प्रथम विजेकडे वळवावा आणि मग उष्णतेकडे.

पत्रातील तक्रार चौथ्या जातीची होती. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाची नोंदवही असते. मुलाने ती उघडली, तेव्हा प्रत्येक वेळेसमोर ‘कर्नल-पॉवर 41’ अशी नोंद होती. ही नोंद पाहून अनेकजण लगेच पॉवर सप्लाय बदलतात. वास्तविक तिचा अर्थ एवढाच, की मागील वेळी यंत्र रीतसर बंद झाले नव्हते. का झाले नव्हते, हे ती सांगत नाही.

येथे भार म्हणजे काय ते पाहू. हिशेबाचे काम करताना असा संगणक साठ-सत्तर वॅट घेतो. एका जुन्या बल्बाइतके. खेळ सुरू झाला की मध्यम प्रतीचे ग्राफिक्स कार्ड एकटेच 200 वॅटच्या आसपास जाते, प्रोसेसर शंभराच्या पुढे, आणि एकूण आकडा साडेतीनशे-चारशेला भिडतो. शिवाय ही मागणी सरळ रेषेत नसते. कार्ड क्षणाच्या अगदी लहान अंशात आपल्या नेहमीच्या मागणीच्या कितीतरी पुढे उसळी घेते. 2022 साली पॉवर सप्लायसाठी ‘एटीएक्स 3.0’ हे नवे मानक आले, त्यात तर 450 वॅटच्या वरच्या नव्या जोडणीच्या सप्लायने 100 मायक्रोसेकंदांपुरता आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार सोसावा, अशी अपेक्षा घातली गेली. जुन्या किंवा हलक्या प्रतीच्या सप्लायमधील संरक्षक मंडल अशा उसळीला बिघाड समजते आणि सारे बंद करते.

मी फोनवर त्यांना एकच गोष्ट विचारली: संगणकाची वायर कुठे जाते? ती यूपीएसमध्ये जात होती. दुकानाच्या जुन्या संगणकासाठी घेतलेला, पेटीवर 600 असा आकडा असलेला यूपीएस. हे 600 म्हणजे व्होल्ट-अँपिअर, वॅट नव्हेत. अशा यूपीएसची खरी ताकद बहुधा 360 वॅटच असते. व्यापाऱ्याला हा भेद नवा नाही. पोत्यावरचे वजन आणि आतल्या मालाचे वजन यांत जे अंतर असते तसेच हे. बाहेरची वीज नीट असेपर्यंत असा यूपीएस जास्तीचा भारही पुढे ढकलतो, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. व्होल्टेज जरा खाली गेले आणि त्याला स्वतःच्या बॅटरीवर यावे लागले, की चारशे वॅटचा भार पाहून तो हात वर करतो. टॅलीच्या सत्तर वॅटसाठी मात्र तो पाच-दहा मिनिटे सहज उभा राहतो. मग वाटते की यूपीएस उत्तम आहे, दोष खेळाचा!

व्होल्टेज खाली का जाते, हे निरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना सांगायला नको. शेतीपंपांना थ्री-फेज वीज पाळीने मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. पंपांना बहुतेकांनी ऑटोस्विच लावलेले. वीज आली की शिवारातील मोटारी एकाच क्षणी सुरू होतात, आणि सुरू होताना मोटार आपल्या नेहमीच्या प्रवाहाच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. ऑटोस्विच काढा आणि कपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरण वर्षानुवर्षे करत आले आहे ते याचसाठी. गावठाणाची वाहिनी वेगळी असली तरी मागचे उपकेंद्र एकच असते, आणि दिवे क्षणभर मंदावतात. मी त्यांना बंद पडण्याच्या वेळा लिहून ठेवायला सांगितल्या. रात्रपाळीच्या आठवड्यात त्या बहुतेक पंप सुरू होण्याच्या वेळेला चिकटलेल्या निघाल्या.

ज्यांच्याकडे यूपीएस नाही, फक्त घरचा इन्व्हर्टर आहे, त्यांच्याकडे हाच दोष दुसऱ्या वाटेने येतो. वीज गेल्यावर इन्व्हर्टरला जागे व्हायला काही मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ संगणकाच्या पॉवर सप्लायमधील मोठा कपॅसिटर आपल्या साठ्यावर यंत्र चालवतो. पूर्ण भारावर हा साठा सुमारे 16 मिलिसेकंद पुरतो, म्हणजे विजेच्या एका आवर्तनापेक्षाही कमी. भार कमी असेल तर तोच साठा कितीतरी जास्त वेळ पुरतो. म्हणून हिशेब करताना वीज गेल्याचे कळतही नाही आणि खेळताना संगणक विझतो. अनेक इन्व्हर्टरना मागे ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असे बटण असते. ते ‘नॉर्मल’वर असेल तर संगणक टिकण्याची आशा धरू नये. चौकोनी लहरीचे स्वस्त इन्व्हर्टर तर आजच्या चांगल्या पॉवर सप्लायना मानवतच नाहीत. तेथे शुद्ध साइन लहरीचाच हवा.

उपाय म्हणून तीन संध्याकाळी फक्त चाचणीसाठी राखाव्यात असे ठरले. आधी टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेऊन तो पेनड्राइव्ह काढून ठेवला. पहिल्या संध्याकाळी संगणक यूपीएस सोडून थेट भिंतीतील अर्थिंग असलेल्या सॉकेटला जोडला. बाकी काहीही बदलले नाही. एका वेळी एकच बदल, हा नियम मुलांना जाचक वाटतो. रॅम, ड्रायव्हर आणि वायर एकाच दिवशी बदलून यंत्र सुरळीत झाले, तर कशाने झाले ते कधीच कळत नाही, आणि पुन्हा बिघडले की सारे प्रथमपासून.

भार देण्यासाठी खेळच हवा असे नाही. प्रोसेसरसाठी ‘प्राइम95’ आहे. तो मूळचा मर्सेन जातीच्या प्रचंड मूळ संख्या शोधण्यासाठी लिहिलेला. यंत्राला घाम फोडतो म्हणून चाचणीवाल्यांनी उसना घेतला. ‘लिनपॅक’ हीसुद्धा अशीच कसोटी. पुण्यात टाटांच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजने उभारलेला ‘एका’ हा महासंगणक नोव्हेंबर 2007 च्या जागतिक यादीत चौथा आला, तो याच लिनपॅकवर 117.9 टेराफ्लॉप्सचा वेग दाखवून. ती क्रमवारीच मुळी पूर्ण भाराखाली यंत्र किती काम करते यावर लागते. कार्डासाठी ‘फरमार्क’ आणि रॅमसाठी ‘मेमटेस्ट86’ चालवावा. प्रोसेसर आणि कार्डाच्या चाचण्यांच्या वेळी तापमान दाखवणारा ‘एचडब्ल्यूइन्फो’ उघडा ठेवावा.

पहिल्या संध्याकाळी संगणक दोन तास चालला आणि विझला नाही. दुसऱ्या संध्याकाळी विझला नाही, पण तासाभराने खेळ अडखळू लागला. प्रोसेसर 97 अंशांवर गेला होता. त्या मर्यादेला तो स्वतःच वेग कमी करतो. तरीही ताप वाढला तर बंद होतो. झाकण उघडले तेव्हा पंख्यावर आणि पत्र्याच्या पात्यांवर काळपट भुकटीचा थर होता. भवानीनगरपासून वालचंदनगरपर्यंतच्या या ऊसपट्ट्यात पाचट जाळण्याच्या दिवसांत ही काजळी घराघरांत येते. संगणक बंद करून, वायर काढून, मऊ ब्रशने ती झाडली. आत एखादा जीव दडलेला नाही ना, हे आधी पाहावे, ते आपल्या वाचकांना सांगायला नकोच. मागच्या मोकळ्या फटींना बारीक जाळी लावली म्हणजे मुंग्या-पालींचा आणि यंत्राचा दोघांचाही बचाव होतो. पॉवर सप्लायची पेटी मात्र घरी उघडू नये. वायर काढल्यानंतरही तिच्यातील कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टहून अधिक भार शिल्लक राहू शकतो.

तिसऱ्या संध्याकाळी दोन्ही चाचण्या एकत्र चालवल्या. तापमान 82 अंशांवर स्थिरावले आणि रात्री अकरापर्यंत काहीही घडले नाही. कार्ड निर्दोष होते.

मुलाचा कार्डावरचा संशय अगदीच बिनबुडाचा होता, असे मात्र म्हणता येणार नाही. 2024 साली जगभर असेच घडले. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या वरच्या प्रतीच्या प्रोसेसरांवर खेळ मध्येच बंद पडत, आणि पडद्यावर ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश येई. साहजिकच अनेकांनी ग्राफिक्स कार्डाला दोष दिला. खरे कारण प्रोसेसरमध्ये होते: तो गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता, आणि त्यामुळे त्याच्यातील घड्याळ-मंडलाचा एक भाग अकाली जीर्ण होत होता. खेळ सुरू होताना आवळून ठेवलेला डेटा उलगडण्याचे जड काम प्रोसेसर करतो. तेथे तो चुके, आणि आरोप कार्डावर येई. कंपनीने ऑगस्ट आणि सप्टेंबर 2024 मध्ये सुधारित मायक्रोकोड दिले आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. ज्यांच्या घरी या पिढ्यांचे प्रोसेसर आहेत, त्यांनी मदरबोर्डचा बायोस अद्ययावत आहे ना, हे या आठवड्यातच पाहावे. ज्यांना आधीच त्रास सुरू झाला आहे त्यांचा प्रोसेसर मायक्रोकोडने बरा होत नाही. तो हमीतून बदलूनच घ्यावा लागतो. त्यासाठी बिल लागते. सुट्या भागांच्या संगणकात प्रत्येक भागाची हमी वेगळी आणि मुदतही वेगळी असते. तापकीर गल्लीत वा लॅमिंग्टन रोडवर दोन टक्के वाचवण्यासाठी बिलाविना भाग घेणे हा तोट्याचा सौदा आहे.

रॅमविषयी थोडेसे. बायोसमध्ये ‘एक्सएमपी’ नावाची सोय चालू केली की रॅम जाहिरातीतल्या वेगाने चालते. निळा पडदा येत असेल, तर प्रथम ती बंद करून पाहावी. त्याला पैसा लागत नाही.

अंथुर्ण्याच्या घरी आता 1000 व्हीएचा, पेटीवर 600 वॅट असे स्पष्ट छापलेला यूपीएस आला आहे. कार्डाच्या किमतीपुढे त्याची किंमत किरकोळ आहे. जुना यूपीएस जुन्याच संगणकाला परत जोडला आणि दुकानाची टॅली तिकडे हलवली. रोजचा बॅकअप घेण्याचे काम वडिलांनी मुलाकडे सोपवले आहे. तो दुकान बंद होण्याआधी घ्यावा की खेळ सुरू होण्याआधी, एवढाच वाद त्या घरात अजून शिल्लक असल्याचे कळते.