ड्रॉप फी आणि पंधरा डॉलर

परवा पुण्याच्या एका मित्राने एक्सेल शीट पाठवली. आईबाबांना घेऊन कॅलिफोर्नियाला निघालाय, "जरा नजर टाक रे" म्हणाला. सॅन फ्रान्सिस्कोला गाडी घ्यायची, हायवे वनने समुद्राकाठून लॉस एंजेलिस गाठायचं, आणि शेवटच्या दिवशी तीच गाडी परत सॅन फ्रान्सिस्कोला नेऊन द्यायची. का? तर दुसऱ्या शहरात गाडी सोडली की 140 डॉलर ड्रॉप फी. आणि शेजारी कंसात चक्क 'फुकट जातात' असं लिहिलेलं!

आता हिशोबच करायचा तर नीट करू. परतीचा रस्ता म्हणजे आय-5, साधारण 380 मैल. गाडी गॅलनला 30 मैल देते असं धरलं तर 13 गॅलन पेट्रोल. पाच डॉलरच्या भावाने 65 डॉलर. त्यात एका जादा दिवसाचं भाडं, त्याच्याच शीटमध्ये 60. झाले 125. म्हणजे पंधरा डॉलर वाचवायला साहेब सहा तास गाडी हाकणार, तीही सुट्टीच्या शेवटच्या दिवशी.

हे मी इतक्या तावातावाने सांगतोय कारण हा शहाणपणा आम्ही करून बसलोय. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये चौघं जण असेच गेलो होतो. रविवारी संध्याकाळी लॉस एंजेलिसहून निघालो. डोंगर उतरल्यावर आय-5 जो सरळ होतो तो होतोच. अंधार, ट्रकचे दिवे, बाकी काही नाही. मागे दोघे घोरत होते, मी पुढे बसून डुलक्या घेत होतो. एकदम चाकांखाली खर्रर्र आवाज झाला. रस्त्याच्या कडेला खाचा पाडलेल्या असतात, त्यांवर गाडी गेली होती. चालवणाऱ्याचा डोळा लागला होता. त्या खाचा नसत्या तर... असो. पुढच्या एक्झिटला थांबून कॉफी घेतली. कोणी कोणाला काही बोललं नाही.

म्हणून माझं म्हणणं सोपं आहे. ड्रॉप फीकडे दंड म्हणून बघू नका, शेवटच्या दिवसाची किंमत म्हणून बघा. ती लागते कारण गाडी कोणाला तरी परत आणावी लागते. उलटंही होतं, वसंत ऋतूत फ्लोरिडातून गाड्या उत्तरेला न्यायच्या असतात तेव्हा त्याच वन-वे गाड्या स्वस्तात मिळतात. राज्य किंवा देश ओलांडला की मात्र फी चांगलीच फुगते, तिथे हिशोब पुन्हा मांडायचा.

विमानाचं तिकीटही 'मल्टी-सिटी' काढा, उतरायचं सॅन फ्रान्सिस्कोला आणि निघायचं लॉस एंजेलिसहून. ड्रॉपचं ठिकाण बुकिंग करतानाच टाका, मध्येच बदललं तर भाडं नव्याने लावतात. आणि शक्यतो विमानतळावरच सोडा, गावातली ऑफिसं रविवारी बंद असू शकतात. विम्यात 'लायबिलिटी' आहे ना ते वाचा. क्रेडिट कार्डाचं कव्हर सहसा भाड्याच्या गाडीपुरतं असतं, समोरच्याच्या नुकसानीचं नसतं.

दिशा मात्र मित्राने बरोबर धरली होती. तिथे गाडी उजवीकडून चालते, त्यामुळे दक्षिणेला जाताना समुद्र आपल्याच बाजूला येतो आणि बघायला थांबायच्या जागाही. बिग सरच्या पट्ट्यात फोनला रेंज नसते, पेट्रोल महाग, म्हणून टाकी मॉन्टेरेलाच भरायची. हा रस्ता दरडींनी बंद पडतो, 2017 ची मड क्रीकची दरड निस्तरायला वर्षाहून जास्त लागलं होतं. तेव्हा पैसे परत न मिळणारं हॉटेल घेण्याआधी कॅलट्रान्सच्या साईटवर रस्ता उघडा आहे का ते बघा. बंद असेल तर आतला 101 आहेच. तोही लॉस एंजेलिसलाच पोचवतो.

हे सगळं लिहून पाठवलं. वर एवढंच, की बाबांना पुढे बसव, उजवीकडची ती सीट समुद्राच्या बाजूची.

काल सुधारलेली शीट आली. शेवटच्या दिवसासमोर आता फक्त 'विमान' आहे. पण त्याच्या वरच्या ओळीत लास व्हेगास घुसलंय, जाऊन-येऊन एका दिवसात. आता फोनच करतो.