मागील बाकी आणि नवी जमा

जमाखर्चाच्या वहीत पहिली ओळ मागील बाकीची असते. ती बदलणे वही लिहिणाऱ्याच्या हाती नसते. तिच्याखाली काय मांडले जाईल, हे मात्र त्याच्या उद्योगावर ठरते. जन्माचेही तसेच आहे. पूर्वकर्माने जे पदरी आले ते आले. पुढील पान पुरुषार्थाचे.

इंग्लंडच्या रग्बीपटू मॅगी अल्फोन्सी यांचे जीवन या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १९८३ साली लंडनमध्ये त्यांचा जन्म झाला, तो वाकड्या पावलासह. नायजेरियन वंशाच्या आईने एकटीने संसार चालवून त्यांना वाढविले. शाळेत त्यांची गणना खोडकर मुलींत होई. अंगात बळ होते. त्याला वाट नव्हती. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका लायझा बर्जेस यांनी ते ओळखले. स्वतः वेल्सच्या संघाचे नेतृत्व केलेल्या या बाईंनी मुलीला रग्बीची गोडी लावली.

रग्बी वरवर धसमुसळा दिसतो; परंतु त्यातील बळाला नियमांचे कुंपण आहे. ज्याच्या हाती चेंडू असेल त्यालाच अडवायचे, खांद्याच्या वर पकडायचे नाही आणि तो खाली आला की तत्काळ सोडायचे. बळ आणि संयम यांचा हा मेळ साधण्यात मॅगी निष्णात झाल्या.

२००३ पासून त्या इंग्लंडकडून ७४ आंतरराष्ट्रीय सामने खेळल्या. २००६ ते २०१२ अशी सलग सात वर्षे युरोपातील सहा राष्ट्रांची स्पर्धा इंग्लंडने जिंकली. विश्वचषक मात्र हुलकावणी देत राहिला. २०१० ची अंतिम लढत लंडनमध्येच झाली आणि न्यूझीलंडने ती १३-१० अशी, अवघ्या तीन गुणांनी जिंकली. मॅगींनी आणखी चार वर्षे सराव सोडला नाही. १७ ऑगस्ट २०१४ रोजी पॅरिसमध्ये इंग्लंडने कॅनडाला २१-९ असे हरविले आणि वीस वर्षांनी विश्वचषक मायदेशी आला.

त्यानंतर लवकरच, यश हाती असतानाच, त्या आंतरराष्ट्रीय मैदानावरून निवृत्त झाल्या. पुढे दूरचित्रवाणीवर त्या पुरुषांच्या सामन्यांचेही समालोचन करू लागल्या. २०१६ मध्ये जागतिक रग्बीच्या सन्माननीय खेळाडूंत त्यांचे नाव नोंदले गेले.

ज्या खोडकरपणाची शाळेला चिंता होती, तेच या खात्याचे भांडवल ठरले. घरोघरी अशी एखादी लेक असते. तिच्या बळाला आवर घालण्याआधी त्याला योग्य वाट शोधून देणारे कोणी तिला भेटावे, एवढेच.