मॅरेथॉनची व्यवस्था व तिचे आश्रयदाते

मोठ्या शहरांत दरवर्षीं एकदां मॅरेथॉनची शर्यत भरविण्याची चाल आतां चांगलीच रुजली आहे. पुण्यास ही प्रथा १९८३ सालीं सुरू झाली. मुंबईस २००४ सालापासून थंडींत हजारों स्त्रीपुरुष त्यासाठीं भल्या पहाटे रस्त्यावर उतरतात. या प्रथेचें आम्ही स्वागतच करितों. ज्या शहरांत धड चालावयासहि जागा मिळत नाहीं, तेथें एक दिवस मोटारींनीं बाजूस होऊन माणसांस वाट द्यावी, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु शर्यत भरविणें निराळें आणि ती नीट पार पाडणें निराळें. व्यवस्थेंत उणीव राहिली तर ती कोणाच्या वांट्यास येते, हें पाहिल्यावांचून नुसत्या टाळ्या वाजविणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. पहिल्या प्रतीचा धांवपटु हें अंतर दोन-सवादोन तासांत कापतो. सामान्य कारकुनास, शिक्षकास किंवा गृहिणीस त्यास पांच-सहा तास लागतात. म्हणजे पहिला येणारा सकाळच्या गारव्यांत पोंचतो आणि मागचा उन्हांत सांपडतो. पाण्याची गरज अधिक ती मागच्यास. पण पेले संपतात ते तो येण्यापूर्वींच. म्हणून शर्यतीच्या व्यवस्थेची कसोटी पहिल्या धांवपटूवर नव्हे, तर शेवटच्या धांवपटूवर लागते, असें आमचें स्पष्ट मत आहे.

या मतास इतिहासाची साक्ष आहे. १९०४ सालीं अमेरिकेंतील सेंट लुई शहरीं ऑलिंपिक सामने झाले, ते जागतिक प्रदर्शनाच्या जोडीला. प्रदर्शन मुख्य आणि सामने हें त्याचें शेपूट, अशी तेथें स्थिति होती. ३० ऑगस्टच्या कडक उन्हांत, धुळीनें भरलेल्या रस्त्यावरून मॅरेथॉनचे गडी धांवले. वाटेंत पाण्याची सोय जवळजवळ नव्हती. बत्तीस जण निघाले आणि अवघे चौदा पोंचले. खेळाडूंपेक्षां मांडवाची शोभा मोठी झाली म्हणजे काय होतें, याचें हें जुनें उदाहरण होय.

तें जुनें झालें असें कोणी म्हणेल. तर अलीकडचें पाहूं. ७ ऑक्टोबर २००७ रोजीं शिकागो शहराच्या मॅरेथॉनमध्यें सुमारें ३६,००० लोक धांवूं लागले. शर्यतीस एका मोठ्या बँकेचें नांव दिलेलें होतें. त्या दिवशीं उष्मा ३१ अंशांपर्यंत चढला. पाणी भरपूर होतें, असें व्यवस्थापकांनीं मागाहून सांगितलें, आणि तें खरेंहि असेल. परंतु पुढच्यांनीं एकाऐवजीं अनेक पेले उचलले, कांहीं डोक्यावर ओतून घेतले. पेले भरणाऱ्यांचे हात पुरे पडले नाहींत, आणि मागून येणाऱ्या कित्येकांस रिकामीं टेबलें पाहावीं लागलीं. सुमारें साडेतीन तासांनीं शर्यत थांबवावी लागली. शेंकडों लोकांस उपचार द्यावे लागले. एका धांवपटूस मृत्यु आला. तो हृदयाच्या विकारानें आला, उन्हानें नव्हे, असें वैद्यांनीं ठरविलें, हेंहि न्यायासाठीं सांगितलें पाहिजे. तात्पर्य, कोठारांत पाणी असणें आणि तहानलेल्याच्या ओठाशीं पाणी पोंचणें या दोन गोष्टी आहेत. त्यांमधील अंतर म्हणजेच व्यवस्था.

शिकागोनें त्यापासून धडा घेतला. पाण्याचीं ठिकाणें वाढविलीं; हवेची स्थिति धांवणाऱ्यांस दुरून कळावी म्हणून रंगीत निशाणांची योजना केली. त्याच शहरीं ८ ऑक्टोबर २०२३ रोजीं केनियाच्या केल्विन किप्टम यानें २ तास ३५ सेकंदांत मॅरेथॉन पुरी करून जागतिक विक्रम केला. मागच्यांची सोय केल्यानें पुढच्यांचा वेग कमी होत नाहीं, इतकें तरी यावरून दिसतें.

व्यवस्थेचा आणखी एक भाग म्हणजे वेळीं नाहीं म्हणतां येणें. २०१२ च्या ऑक्टोबरअखेर न्यूयॉर्क शहरास चक्री वादळानें झोडपलें. हजारों घरांत वीज नव्हती, कित्येकांस घरच उरलें नव्हतें. तरी ४ नोव्हेंबरची मॅरेथॉन होणारच, असें नगराधिपति सांगत राहिले. अंधारांत बसलेल्या नागरिकांनीं शर्यतीसाठीं आणलेलीं वीज उत्पन्न करणारीं यंत्रें उद्यानांत पाहिलीं, तेव्हां त्यांस संताप आला. अखेर केवळ दोन दिवस आधीं शर्यत रद्द झाली. तोंवर परदेशचे धांवपटु येऊन उतरले होते. रद्द करणें योग्यच होतें; दोष उशिराचा होता.

आतां आश्रयदात्यांविषयीं, ज्यांस हल्लीं प्रायोजक म्हणतात. त्यांच्या पैशावांचून एवढी मोठी शर्यत होणें कठीण, हें आम्ही जाणतों, व त्या पैशास आम्ही नांवें ठेवीत नाहीं. परंतु नांव जेथें दिसतें तेथें पैसा लौकर जातो: कमानीवर, फलकांवर, बक्षिसाच्या समारंभावर. तिसाव्या किलोमीटरवरील पाण्याच्या टेबलाचें छायाचित्र कोणी घेत नाहीं. आपल्याकडे वाटेवर पाणपोई घालण्याची रीत जुनी आहे. दाता तेथें आपलें नांव कोरून ठेवी, त्यांत कोणास वावगें वाटत नसे. कारण वैशाखांत रांजण भरलेला असे. रांजण कोरडा पडला तर मात्र तेंच नांव दात्याची कीर्ति न सांगतां अपकीर्ति सांगतें.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, आश्रयदात्याशीं होणाऱ्या करारांत पाणी, वैद्य व रुग्णवाहिका यांची तरतूद आधीं लिहावी, कमान व फलक मागाहून. आणि पाण्याचा हिशेब शेवटच्या मनुष्यास धरून करावा. दुसरी, किती उष्मा झाला असतां शर्यत थांबेल व प्रवेशफीचें काय होईल, याचे नियम आधीं प्रसिद्ध करावे. आयत्या वेळीं पैशाच्या भिडेनें निर्णय होऊं नये. तिसरी, जमाखर्च सर्वांस पाहावयास मिळावा. रस्ता सर्वांचा, तर हिशेबहि सर्वांस कळला पाहिजे.

पालकांस आमची विनंति आहे कीं, मुलांचें नांव शर्यतींत नोंदवितांना सदऱ्यावर कोणाचें नांव छापलें आहे हें न पाहतां वाटेंत पाण्याची सोय किती ठिकाणीं आहे हें विचारावें. आणि विद्यार्थिमित्रहो, पेले भरण्याच्या कामीं तुम्हांसहि कधीं बोलावणें येईल. पहिले धांवपटु क्षणांत निघून जातील, वाजंत्री थांबेल, पाहणारे पांगतील. खरें काम त्यानंतर सुरू होतें. शेवटचा धांवपटु, मग तो चालत का येईना, टेबलापाशीं येईपर्यंत भरलेला पेला हातांत धरून उभे राहा.