अंगणातला बंब

परवा आमच्या नातवाने सूचना मांडली, यंदाचे अभ्यंगस्नान अंगणातल्या तलावात करायचे! सारे घर हसले. मी मात्र हसलो नाही. अंगाला चोपडलेले तेल वाळूच्या फिल्टरमध्ये जाऊन काय करील, याचे चित्र माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले.

या सदराच्या जुन्या वाचकांना वाटेल, स्वारी आता पोहण्याचा तलाव बाळगू लागली! तसे नाही, मंडळी. माझी हयात पिंपरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली आणि घर उभे राहिले चिंचवडला, वाल्हेकरवाडीच्या बाजूला. तलाव चिरंजिवांचा. त्यांचा चाकणला सुटे भाग करण्याचा लहानसा कारखाना आहे. सौ.च्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी कोमट पाण्यातला व्यायाम सांगितला आणि पोराने आईसाठी अंगण खणले. आठ मीटर लांब, चार रुंद, सव्वा खोल. म्हणजे चाळीस हजार लिटर. टँकरच्या चार खेपा.

पहिल्या हिवाळ्यात सौ.ने पाण्यात पाऊल घातले आणि लगेच काढून घेतले. “अहो, हे कोमट?” एवढेच म्हणाली आणि आत गेली.

पाणी गढूळही होते. मी गळ्यात चष्मा अडकवून पंपाच्या खोलीत शिरलो. विकणाऱ्याने पंप दणदणीत दिला होता आणि वाळूची टाकी बेताची. लोकांना वाटते, पंप जेवढा जोरदार तेवढे पाणी स्वच्छ. उलटे आहे! पाणी वाळूतून सावकाश गेले तरच मळ अडकतो. धावत गेले की मळालाही आपल्याबरोबर पलीकडे नेते. घरच्या तलावाचे सारे पाणी आठेक तासांत एकदा फिल्टरमधून फिरले म्हणजे पुरे. आमच्या हिशेबाने तासाला पाच हजार लिटर. तेव्हा आधी टाकी ठरवावी, मग तिला झेपेल असा पंप.

दुसरा घोटाळा माळ्याचा. तो रोज सकाळी इमानाने दहा मिनिटे बॅकवॉश करी, म्हणजे पाणी उलटे सोडून वाळू धुई. दीड हजार लिटर पाणी रोज गटारात! वास्तविक टाकीवर प्रेशर गेज असते ते शोभेसाठी नव्हे. वाळू धुतल्यावर काटा कुठे आहे त्याची खूण करावी आणि तो आठ-दहा पौंडांनी चढला तरच पुन्हा धुवावी. तीही दोन-तीन मिनिटे, काचेच्या नळीत पाणी निवळ दिसेपर्यंत. थोडा मळ बसलेली वाळू तर कोऱ्या वाळूपेक्षा बारीक गाळते. अतिस्वच्छता इथे अंगाशी येते.

हे मला गेजने नव्हे, समोरच्या भाड्याच्या खोल्यांतल्या एका बाईंनी शिकवले. नोव्हेंबर २०१९ पासून आमच्या शहरात पाणी एक दिवसाआड येऊ लागले. अशाच एका कोरड्या दिवशी आमच्या दारातून पाण्याचा ओघळ रस्त्यावर आला. बाई हातात कळशी घेऊनच विचारत्या झाल्या, “काका, आज पाणी आलंय का?” मी काय उत्तर देणार? आमचे पाणी पवनेचे. रावेतच्या बंधाऱ्यावर उचलून निगडीला शुद्ध होऊन येणारे. याच पवनेच्या बंद नळाला विरोध करताना मावळात बऊरला ९ ऑगस्ट २०११ रोजी गोळीबारात तीन शेतकऱ्यांचे प्राण गेले. सौ.ने खिडकीतून ते बोलणे ऐकले आणि तलावात उतरण्याचे नाव टाकले. गुडघे दुखले तरी चालतील म्हणाली.

आता माझी खरी परीक्षा होती. आधी मी तापमानाचा छडा लावला. चिरंजीव म्हणाले, “बाबा, हीटर मोठा घेऊ.” मी कागद घेतला. एवढे पाणी एक अंशाने तापवायला ४६ युनिट उष्णता लागते. २४ वरून ३२ अंशांवर न्यायला पावणेचारशे. आमचा हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात घालतो, म्हणून विजेच्या एका युनिटात चारेक युनिटांचे काम करतो. पण चिरंजिवांनी तो लावला होता पहाटेच्या गारठ्यात, जेव्हा हवेत ओढण्याजोगे काही नसते! तो दुपारवर आणला.

तरी सकाळी पाणी गारच. एका रात्री फरशीवर पेन्सिलीने रेघ मारली. सकाळी पाणी चार मिलिमीटर खाली. म्हणजे सव्वाशे लिटर वाफ होऊन उडाले होते, आणि जाताना दर लिटरमागे ५८० किलोकॅलरी घेऊन गेले होते. पावणेदोन अंश तिथेच गेले. माठातले पाणी थंड होते ते याच न्यायाने. आम्ही अंगणात मोठा माठ बांधला होता आणि त्याला बंब म्हणत होतो! माझ्या आईने न्हाणीघरातल्या बंबाचे झाकण कधी उघडे टाकले नाही. आम्ही बत्तीस चौरस मीटरचा बंब उघडा टाकून विजेचे बिल भरत होतो.

फुगेवाला निळा प्लॅस्टिकचा पडदा आणला, गुंडाळायला रूळ बसवला. रेघ जागची हलेनाशी झाली. वरून घालायचे पाणीही वाचले. मात्र हा पडदा पोराचे वजन पेलत नाही. जमिनीसारखा दिसतो, म्हणून अधिक भयंकर. भोवती कुलपाचे कुंपण घातल्यावरच मी तो पसरू दिला.

हीटर घेणाऱ्यांना एक सांगून ठेवतो. पाणी आधी फिल्टर, मग हीटर, आणि क्लोरीन त्यानंतर. क्रम चुकला की तीव्र क्लोरीन तांब्याची नळी खाते. परवडत असेल तर आतली नळी टायटॅनियमची घ्यावी.

बॅकवॉशचे पाणी आता दोन दिवस टाकीत उघडे ठेवून, क्लोरीन उडाले की झाडांना जाते. गेल्या माघात सौ. पुन्हा पाण्यात उतरली, दुपारी तीनला. त्याआधी समोरच्या बाईंना बोलावून तिने ती टाकी, तो पडदा, सारे दाखवले. मला त्यात बोलू दिले नाही.

नातवाचा प्रस्ताव तिनेच निकालात काढला. तेल-उटणे पहाटे न्हाणीघरात, बंबाच्या पाण्याने. तेलाने वाळूचे गोळे झाले तर टाकी उपसायला आजोबांना बसवीन, अशी धमकीही दिली.