चेहऱ्याचा दाखला

ब्राझिलिया विद्यापीठात २००७ साली हुबेहूब एकसारख्या दिसणाऱ्या दोन जुळ्या भावांनी कृष्णवर्णीयांच्या राखीव जागांसाठी अर्ज केले. समितीने छायाचित्रे पाहिली. एक भाऊ कृष्णवर्णीय ठरला, दुसरा ठरला नाही! बोभाटा झाल्यावर विद्यापीठाने निर्णय फिरवला आणि फोटोवरून वर्ण ठरवण्याची पद्धतच मोडीत काढली. आरक्षणविरोधकांच्या हाती मात्र आयते कोलीत आले.

या फजितीवरून पडताळणीच नको म्हणणे सोपे आहे. पण ब्राझीलचा अनुभव वेगळे सांगतो. २०१२ च्या कायद्याने केंद्रीय विद्यापीठांतील निम्म्या जागा सरकारी शाळांत शिकलेल्यांसाठी राखल्या गेल्या आणि त्यात कृष्णवर्णीय, मिश्रवर्णीय व आदिवासींना राज्यातील लोकसंख्येनुसार वाटा मिळाला. सुरुवातीला बहुतेक ठिकाणी अर्जदाराचा शब्दच प्रमाण होता. मग वैद्यकीयच्या वर्गांत गोरेगोमटे ‘मिश्रवर्णीय’ दिसू लागले, तेव्हा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनीच पडताळणीचा आग्रह धरला.

आता समित्या त्वचा, केस, नाक, ओठ पाहतात. आजी काळी होती, एवढ्याने भागत नाही. ऐकताना अंगावर काटा येतो, पण आमच्या मते निकष प्रामाणिक आहे. तिथला पोलीस वंशावळ विचारून अडवत नाही, तोंड पाहून अडवतो. आपल्याकडे जात चेहऱ्यावर लिहिलेली नसते, म्हणून जात पडताळणी समिती आजोबांच्या शाळेतली नोंद मागते. आदिवासींना तर कुलदैवत आणि लग्नाच्या चालीरीतीही विचारल्या जातात. ही आप्तभाव चाचणी अंतिम कसोटी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्याच ठाकूर जमातीच्या प्रकरणात बजावले.

खरी अडचण सीमारेषेवरच्यांची. २०२२ च्या जनगणनेत स्वतःला मिश्रवर्णीय म्हणवणारे ४५.३ टक्के, म्हणजे सर्वांत मोठा गट. त्यातला कोण कितपत काळा, हे व्हिडिओ कॉलवर कसे ठरणार? साओ पाउलो विद्यापीठाने २०२४ मध्ये असेच ठरवले आणि प्रकरण न्यायालयात गेले. दिव्याचा उजेड बदलला की रंग बदलतो, हे फोटो काढणारे पोरही सांगेल.

तेव्हा उमेदवाराला समोर बसवावे, नकाराची कारणे लेखी द्यावीत, शंकेचा फायदा त्यालाच मिळावा, अपील दुसऱ्या समितीपुढे चालावे. आणि निकाल लागेपर्यंत त्याची जागा कोणालाही देऊ नये. वैधता प्रमाणपत्राची वाट पाहत प्रवेशाची मुदत हुकलेल्या इथल्या मुलांना त्याचे मोल वेगळे सांगायला नको.