मानवशास्त्राच्या वर्गात आपली मुले हवीत

दहावी-बारावीचे निकाल लागले की निवासी विद्यालयाच्या कार्यालयात पालकांची वर्दळ सुरू होते. अभियांत्रिकी, औषधनिर्माण, परिचर्या, वाणिज्य, पोलीस भरती अशी नावे एकामागून एक निघतात. मानवशास्त्राचे नाव कोणाच्याही ओठी येत नाही. संस्थेच्या वाटचालीचे सिंहावलोकन करणाऱ्या या स्मरणिकेत पुढील वाटेचाही विचार व्हावा, या हेतूने आम्ही एक मत मांडू इच्छितो. आपल्या विद्यालयातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक तुकडीतील निदान एक-दोन विद्यार्थ्यांनी पदवीसाठी मानवशास्त्र निवडावे आणि त्यांना ते निवडता यावे, अशी व्यवस्था आपण सर्वांनी मिळून करावी.

मानवशास्त्र म्हणजे माणसाचा सर्व बाजूंनी केलेला अभ्यास. मानवी शरीराची उत्क्रांती व विविधता, समाज आणि संस्कृती, प्रागैतिहासिक काळाचे अवशेष आणि भाषा या त्याच्या चार प्रमुख शाखा होत. पदवीच्या वर्गात विद्यार्थी हाडांची व कवट्यांची ओळख करून घेतो, नातेसंबंधांचे तक्ते काढतो, विवाह, वारसा, देवाणघेवाण आणि श्रद्धा यांचे नियम तपासतो. परंतु या शास्त्राचा खरा कणा आहे तो क्षेत्रकार्याचा. लोकांमध्ये राहायचे, त्यांच्या भाषेत बोलायचे, जे दिसते आणि जे ऐकू येते ते रोज टिपून ठेवायचे, ही शिस्त येथे शिकवली जाते. ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात प्रशांत महासागरातील ट्रोब्रियांड बेटांवर राहून ही पद्धत घडवली आणि १९२२ सालच्या त्यांच्या ग्रंथाने ती जगभर रूढ केली.

हा विषय आपल्याला परका वाटतो, याचे आम्हांस नवल वाटते. कारण आपल्या वैचारिक वारशाचे एक मूळ थेट याच वर्गात आहे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास या विषयावर निबंध वाचला. तेव्हा त्यांचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते. पुढील वर्षी तो 'इंडियन अँटिक्वरी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. रिस्ले, सेनार, नेसफील्ड आणि आपले ज्ञानकोशकार केतकर यांची जातीविषयक मते त्यात तपासली आहेत. जातीबाहेर विवाह न करण्याचा नियम हेच जातीचे मर्म होय; सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही तो नियम टिकवण्याची साधने होत, असे त्यांनी दाखवले. जातीच्या प्रश्नाचा उलगडा स्त्रीच्या आयुष्यावरील बंधनांतून करणारा हा युक्तिवाद शंभराहून अधिक वर्षांनंतरही विद्यापीठांत वाचला जातो. त्यामागे अभ्यासाची जी शिस्त होती, ती आपल्या मुलांना परकी का राहावी?

या विषयाविषयी आपल्या समाजात संशय असेल, तर तो निराधार नाही. वसाहतकाळात हे शास्त्र राज्यकारभाराच्या हाताशी वाढले. हर्बर्ट रिस्ले यांनी नाकांची मापे घेऊन जातींची उच्चनीचता वंशाशी जोडली, आणि त्यांच्याच देखरेखीखालील १९०१ च्या जनगणनेत जातींना सामाजिक क्रम लावण्याचा उद्योग झाला. १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले. ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर १८८२ साली निघाले. कोळी, आगरी, वारली, कातकरी यांची राहणी, खाणे, लग्नविधी, देवदैवते यांची वर्णने त्यात आहेत. मुंबई इलाख्यातील जाती-जमातींवरील एन्थोवेन यांचे तीन खंड १९२० ते १९२२ या काळात आले. आजही ते उपयोगी पडतात. मात्र ज्यांच्याविषयी लिहिले गेले त्यांना ते कधी वाचून दाखवले गेले नाही, आणि त्यात चूक असेल तर ती दुरुस्त करण्याचा अधिकारही त्यांच्याकडे नव्हता.

पण त्याच शास्त्राने ही चूक उघडकीस आणण्याची साधनेही दिली. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधनास गेल्या. फिशर यांच्या वंशविचाराचा पुढे नाझींना आधार झाला. कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा वंशाशी संबंध असावा, अशी गुरूंची अपेक्षा होती; इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध आढळत नाही, असा निष्कर्ष मांडला. पुढे त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दीर्घकाळ अध्यापन केले आणि १९५३ साली भारतीय नातेसंबंधांवरचा ग्रंथ सिद्ध केला. बाबासाहेबांनीही १९४८ सालच्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात नासिकामापनाचेच आकडे हाती घेतले आणि ब्राह्मण व अस्पृश्य हे भिन्न वंशाचे असल्याचा सिद्धान्त खोडून काढला. मोजपट्टी तीच होती. ती कोणाच्या हाती आहे आणि मोजणाऱ्याची सत्यावर निष्ठा किती आहे, यावर सारे अवलंबून होते.

आता आपल्या कोलशेतकडे पाहू. खाडीकाठचे जुने गावठाण, रेतीबंदर, रासायनिक कारखान्यांच्या जागी उभे राहिलेले गृहसंकुलांचे मनोरे, बांधकामावर आलेल्या मजुरांच्या झोपड्या आणि थोड्या अंतरावर येऊरच्या डोंगरातील वारली पाडे, असा हा परिसर. डोल आणि पाग कोठे लावायचे, भरती-ओहोटीचा हिशेब कसा करायचा, निवट्या आणि चिंबोऱ्या कोणत्या चिखलात मिळतात, हे ज्ञान वृद्धांच्या स्मरणात आहे. खाडीचे पाणी बिघडले तसे ते वापरातून जाऊ लागले. जमिनीचा मोबदला आला तेव्हा घरातील बहिणींच्या वाट्याला काय आले? गाव सोडून आलेला मजूर आपली जात येथे सांगतो की लपवतो? मनोऱ्यात घरकाम करणाऱ्या बाईला कोणत्या लिफ्टने जावे लागते, तिला पाणी कोणत्या पेल्यातून मिळते? हे सगळे मानवशास्त्राचेच प्रश्न आहेत. शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा. लॉरा नेडर या अमेरिकन विदुषीने १९७२ साली असे बजावले की अभ्यासकांनी दुर्बलांकडेच पाहत न राहता सत्ता आणि संपत्ती बाळगणाऱ्यांचाही अभ्यास करावा. आपली मुले केवळ आपल्या वस्तीवर लिहिण्यासाठी या विषयाकडे जाऊ नयेत. त्यांनी मनोऱ्यांवरही लिहावे.

या कामासाठी आपल्या विद्यार्थ्यांजवळ काही पुंजी आधीच आहे. इतर अभ्यासकांना जी बोली शिकण्यास महिनोन्‌महिने लागतात, ती त्यांच्या घरात बोलली जाते. वसतिगृहात निरनिराळ्या गावांची, निरनिराळ्या समाजांची मुले एका पंगतीत जेवतात. दुसऱ्याच्या रीतीकडे न हसता पाहण्याचा सराव त्यांना लहानपणीच होतो. मात्र जवळिकीत धोकाही आहे. जे रोजचे आहे ते डोळ्यांना दिसत नाही, आणि आपल्या माणसांचे उणे लिहिताना हात आखडतो. आपल्याच समाजातील पोटजातींचा अभिमान, हुंड्याची देवाणघेवाण, मुलींवरील बंधने यांची नोंद आपल्या अभ्यासकाने टाळली, तर बाबासाहेबांच्या त्या निबंधाशी आपला संबंध नावापुरताच राहील.

पालकांचा सर्वांत रास्त प्रश्न पोटाचा आहे. हातावर पोट असलेल्या घराला तीन-चार वर्षांचे शिक्षण परवडले, तरी त्यानंतरची प्रतीक्षा परवडत नाही. मानवशास्त्राच्या पदवीने लगेच नोकरी मिळते, असे आश्वासन आम्ही देणार नाही. महाराष्ट्रात पदवीला हा विषय असणारी महाविद्यालये थोडी आहेत आणि मराठीतील पाठ्यपुस्तके त्याहून थोडी. तरीही वाटा आहेत. दिल्ली विद्यापीठात हा विषय विज्ञान शाखेत शिकवला जातो, आणि केंद्रीय विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा मराठीतूनही देता येते. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात मानवशास्त्राचा विभाग आहे. पुढे भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षण, आदिवासी संशोधन संस्था, संग्रहालये, सार्वजनिक आरोग्य आणि पुनर्वसनाची कामे अशी क्षेत्रे आहेत. नागरी सेवा परीक्षेतही हा वैकल्पिक विषय आहे. ज्या मुलाला माणसांविषयी खरे कुतूहल आहे, त्यानेच ही वाट धरावी. त्याच्या घराचा भार मात्र एकट्या घरावर टाकू नये.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. माजी विद्यार्थ्यांनी मिळून अशा एका विद्यार्थ्याच्या पदवीकाळातील निवास-भोजनाचा खर्च उचलावा. ग्रंथालयात मानवशास्त्राचे एक कपाट असावे आणि त्याच्या पहिल्या फळीवर १९१६ चा तो निबंध मराठीत असावा. आणि दिवाळीच्या सुटीत नववीच्या प्रत्येक मुलाने एक वही भरावी: आजीकडून तीन पिढ्यांची वंशावळ, तिच्या लग्नाची हकिगत, तिच्या तोंडचे पण आज कानावर न पडणारे शब्द. लिहिण्याआधी तिची परवानगी घ्यावी आणि लिहून झाल्यावर तिला ते वाचून दाखवावे. 'हे मी असे म्हटले नव्हते' असे ती म्हणाली, तर खोडून पुन्हा लिहावे. १८८२ सालच्या वर्णनकारांनी जे केले नाही, ते आपल्या नववीच्या मुलाला एका सुटीत करता येईल.